सूर्यमाळ परिसरातील स्थलनामे आणि पुरातत्त्वाचे अंकीय मानचित्रण

जव्हार संस्थानच्या उत्पत्तीविषयी जी आख्यायिका मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्ये नोंदलेली आहे, ती मुळात जमिनीच्या मोजणीची आख्यायिका आहे. मुकणे घराण्याच्या मूळ पुरुषाने जव्हारच्या वारली राजाकडे एका बैलाच्या कातड्याने व्यापेल एवढीच जमीन मागितली. राजाने ती मागणी मान्य करताच त्याने त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापविल्या, त्या एकीला एक जोडल्या, आणि त्या लांबच लांब वादीच्या वेढ्यात वारल्याचे ठाणेच येऊन पडले. हीच कथा कार्थेज नगरीच्या स्थापनेविषयी डायडो राणीच्या नावाने सांगितली जाते. तेव्हा तिच्यात घडलेल्या इतिहासाचा अंश किती, हा प्रश्न उपस्थित करण्यात अर्थ नाही. पुढे इ. स. १३४३ मध्ये याच घराण्यातील नेमशहास दिल्लीच्या सुलतानाकडून राजेपणाची मान्यता मिळाली, असे संस्थानची परंपरा सांगते. तथापि आख्यायिकेतील एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. वादी ज्याच्या हाती, जमीन त्याच्या हाती गेली. परंतु त्या जमिनीतील टेकड्यांची, ओहोळांची आणि पाड्यांची नावे मात्र तेथे आधीपासून राहणारांच्या तोंडीच राहिली.

गेल्या पाव शतकात पुरातत्त्वाच्या अभ्यासाला मोजणीची नवी साधने उपलब्ध झाली. उपग्रहांनी टिपलेली चित्रे, संगणकात आकड्यांच्या रूपाने साठविलेले भूमीच्या उंचसखलपणाचे आराखडे, ड्रोनमधून घेतलेली छायाचित्रे आणि स्थाननिश्चिती करणारी हातात मावणारी यंत्रे ही ती साधने होत. त्यांच्या साहाय्याने जे नकाशे तयार होतात त्यांना येथे अंकीय नकाशे म्हटले आहे. या नकाशांत स्थानाची अचूकता विलक्षण असते, यात संशय नाही. परंतु नावाच्या बाबतीत तेच नकाशे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी लेखनिकांवर अवलंबून आहेत, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. जेथे लेणी, स्तूप, देवालये वा तटबंदीची नगरे आहेत तेथे ही उणीव फारशी जाणवत नाही, कारण तेथे वास्तू स्वतःच आपली साक्ष देते. पालघर जिल्ह्याच्या पूर्वेकडील जव्हार व मोखाडा या तालुक्यांत, विशेषतः सूर्यमाळच्या पठाराभोवती, परिस्थिती निराळी आहे.

पालघर हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला. त्याच्या या पूर्वेकडील दोन तालुक्यांत वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी आणि महादेव कोळी या जमातींची वस्ती असून अनुसूचित जमातींचे प्रमाण लोकसंख्येत नव्वद टक्क्यांहून अधिक आहे. भूमी दख्खनच्या काळ्या पाषाणाची, चढउताराची आणि पावसाळ्यात दुर्गम होणारी. घरे कुडाची, देव लाकडाचे, आणि स्थलांतर हा जीवनक्रमाचाच भाग. अशा समाजाच्या मागे दगडी अवशेष कमी राहतात. जव्हारजवळचा भूपतगड किंवा संस्थानिकांचे वाडे हे अपवाद म्हणावे लागतील, आणि तेही राज्यकर्त्यांचे अवशेष आहेत. इतरांच्या वसतीचा इतिहास जर कोठे शिल्लक असेल, तर तो जागांच्या नावांत आहे. येथे स्थलनाम हीच पुरावस्तू होय, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

उंचसखलपणाच्या आराखड्यांचा उपयोग या प्रदेशात प्रामुख्याने जुन्या वाटा शोधण्यासाठी होऊ शकतो. इ. स. २००० च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या एन्डेव्हर या अवकाशयानाने अकरा दिवसांत पृथ्वीच्या बहुतेक भूभागाचे रडारच्या साहाय्याने मापन केले. भारताने ५ मे २००५ रोजी सोडलेल्या कार्टोसॅट-१ या उपग्रहाने जोडचित्रांवरून तेच कार्य अधिक बारकाईने केले. या आराखड्यात भूमी लहान लहान चौकोनांत विभागलेली असते आणि प्रत्येक चौकोनास एक उंची दिलेली असते. शेजारच्या चौकोनांच्या उंचीतील फरकावरून चढ किती हे कळते, चढावरून चालण्यास लागणारे श्रम काढता येतात, आणि दोन ठिकाणांमधील कमीत कमी श्रमाची वाट संगणक आखून देतो.

या पद्धतीचे आकर्षण मोठे आहे. परंतु सह्याद्रीच्या कड्यापाशी ती अडखळते. रडारच्या आराखड्यातील चौकोन सुमारे तीस मीटर बाजूचा असतो. तीस मीटरांत घाटमाथ्याचा एखादा उभा कडा, त्यातील नाळ आणि नाळेतून वर चढणारी पायवाट ही सर्व एकाच सरासरी आकड्यात विरघळून जातात. शिवाय रडारचे किरण दाट झाडीतून पूर्णपणे खाली उतरत नाहीत; त्यामुळे जंगलात मिळणारी उंची पुष्कळदा जमिनीची नसून झाडांच्या शेंड्यांजवळची असते. आणखी एक गोष्ट अशी की श्रमाचे गणित मोकळ्या हातांनी चालणाऱ्या माणसावर बसविलेले असते. पाठीवर गोणी घातलेल्या बैलांचा तांडा चढाच्या तीव्रतेपेक्षा पाण्याची, चाऱ्याची आणि मुक्कामाच्या माळाची अधिक काळजी करतो. यास्तव संगणकाने आखलेली रेषा ही वाट नव्हे, तो केवळ तर्क आहे.

या आराखड्यांची मर्यादा वैतरणेच्या खोऱ्यात जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच इतरत्र दिसेल. मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी या नदीवर निरनिराळ्या काळी तीन मोठी धरणे झाली. खालचे धरण, म्हणजे मोडकसागर, १९५७ मधील. वरचे वैतरणा धरण १९७३ मधील. आणि या दोहोंमधील मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथे होऊन २०१४ मध्ये त्याचे लोकार्पण झाले. इ. स. २००० च्या रडारने पहिल्या दोन जलाशयांच्या जागी पाण्याचा सपाट पृष्ठभाग पाहिला आणि तोच भूमी म्हणून नोंदविला. अभ्यासकाने हे ध्यानात न घेता वाटेचे गणित मांडले, तर संगणक आनंदाने तांडे तळ्यावरून चालवील, कारण सपाटीवर श्रम सर्वांत कमी! मध्य वैतरणेचे खोरे मात्र त्या वेळी कोरडे होते, आणि त्यामुळे आज पाण्याखाली असलेली तेथील भूमी आराखड्यात टिकून राहिली आहे. वरच्या धरणाच्या बुडीत क्षेत्रासाठी अमेरिकेच्या कोरोना या हेरगिरीच्या उपग्रहमालिकेतील चित्रांचा विचार करता येतो. ही चित्रे १९६० ते १९७२ या काळातील असून १९९५ मध्ये ती अभ्यासकांस खुली करण्यात आली. त्यांतील नंतरच्या चित्रांत सुमारे दोन मीटरपर्यंतचा तपशील दिसतो. मोडकसागराच्या तळासाठी मात्र याहून मागे जाऊन भारतीय सर्वेक्षण खात्याच्या जुन्या, एका इंचास एक मैल या प्रमाणातील नकाशांवरच भिस्त ठेवावी लागते. एकाच नदीवरील तीन जलाशय, आणि त्यांच्या तळाच्या ज्ञानाची साधने तीन पिढ्यांची.

जुने नकाशे नव्यावर बसविताना एक तांत्रिक अडचण येते. जुने मापन एव्हरेस्टच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पृथ्वीच्या आकारमानावर आधारलेले होते. उपग्रहांचे मापन निराळ्या आकारमानावर चालते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर खात्याच्या खुल्या मालिकेतील नकाशे या दुसऱ्या मापनावर आणण्यात आले. परंतु जुन्या नकाशावरून अक्षांश-रेखांश उचलून ते तसेच नव्या यंत्रात घातले, तर या भागात शंभर मीटरच्या आसपास फरक पडू शकतो. महानगराच्या अभ्यासात ही चूक ताबडतोब ध्यानी येईल. डोंगरावर शंभर मीटरांत एक पाडा संपून दुसरा सुरू होतो, आणि ओढ्याच्या अलीकडचे नाव पलीकडच्या टेकाडास चिकटते. एकदा असे चिकटलेले नाव पुढच्या प्रत्येक प्रतीत तसेच उतरत जाते.

वाटांच्या प्रश्नास ऐतिहासिक महत्त्व आहे ते शूर्पारकामुळे. सोपाऱ्यास १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूपाचे उत्खनन केले, आणि तेथेच अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा मिळाला. नवव्या शासनाचा भाग १९५६ मध्ये हाती आला. या बंदरातून गोवर्धन म्हणजे नाशिककडे जाणारा माल सह्याद्री ओलांडूनच जात असला पाहिजे. थळ घाटाची वाट सर्वपरिचित आहे. तिच्या उत्तरेस, त्र्यंबकवरून मोखाडा व जव्हार मार्गे किनाऱ्याकडे उतरणारी दुसरी एक पट्टी आहे, आणि आजची मोटारींची सडक त्याच पट्टीतून जाते. ही वाट सातवाहन-क्षत्रप काळी वाहती होती किंवा काय, हे केवळ भूमीच्या आराखड्यावरून ठरणार नाही.

येथे नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यातील उषवदाताचा लेख उपयोगी पडतो. नहपान क्षत्रपाच्या या जावयाने आपल्या दानधर्माची जी यादी कोरविली, तीत भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शोर्पारग येथील धर्मशाळांबरोबर सहा नद्यांवर धर्मार्थ नावांची सोय केल्याचा उल्लेख आहे: इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका. यांपैकी पारादा म्हणजे पार, दमण म्हणजे दमणगंगा आणि दाहनुका म्हणजे डहाणूची खाडी, ही ओळख गेल्या शतकाच्याही आधी पटविण्यात आली व ती सर्वमान्य आहे. मोखाड्याच्या उत्तर भागातील पाणी वाघ नदीवाटे याच दमणगंगेस मिळते. म्हणजे अठराशे वर्षांहून जुन्या लेखातील एक नाव या तालुक्यांच्या पाण्यावर आजही तरंगत आहे.

ही ओळख कोणत्या आधारावर पटली? अंतरे मोजून नव्हे, ध्वनींच्या साम्यावरून. दाहनुका या रूपातील आद्य द चा ड होणे मराठीस अपरिचित नाही. दंशावरून डास व डंख ही रूपे आली आहेत. दोन स्वरांमधील न चा ण होणे ही प्राकृताची सर्वसामान्य प्रवृत्ती, आणि शेवटच्या क चा लोप होऊन स्वर दीर्घ होणे हेही नियमास धरून आहे. डहाणू या नावातील प्रत्येक ध्वनीचा हिशेब लागतो म्हणूनच ते प्रमाण मानले जाते. आता समजा, पुढील काळच्या अभ्यासकाच्या हाती हे नाव केवळ रोमन अक्षरांत राहिले. त्या लिपीतील एकाच चिन्हामागे द आहे की ड, दुसऱ्यामागे न आहे की ण, याचा त्यास पत्ता लागणार नाही. हिशेबातील चार रकमांपैकी दोन तेथेच पुसल्या जातील.

अंकीय नकाशांवरील गावांची नावे बहुतांशी अशाच स्थितीत आहेत. सर्वेक्षण खात्याने इंग्रजी पत्रके काढताना नावे रोमन लिपीत उतरविली; छपाईच्या सोयीसाठी अक्षरांखालचे बिंदू आणि डोक्यावरच्या रेघा गाळल्या. त्यामुळे ट व त, ड व द, ण व न, ळ व ल, ऱ्हस्व व दीर्घ हे सर्व भेद लोपले. संगणकाच्या काळात ही पत्रकेच आधारभूत धरली गेली, आणि अखेरीस त्या रोमन रूपांचे यंत्राद्वारे पुन्हा देवनागरीत रूपांतर होऊ लागले. या उलट प्रवासात जव्हारचा ‘जवाहर’ होतो, खोडाळ्याचा ‘खोडाला’ होतो, आणि सूर्यमाळचा ‘सूर्यमल’. यांतील शेवटचे उदाहरण विशेष घातक आहे. सूर्यमल्ल हे उत्तरेकडे परिचित पुरुषनाम आहे. अशा नकाशावर विसंबणारा एखादा चतुर व्युत्पत्तिकार या पठाराचा संबंध कोणा राजपूत सरदाराशी जोडण्यास कमी करणार नाही.

तथापि ल आणि ळ यांचा प्रश्न केवळ लिपीचा असता तर तो सोडविणे सोपे होते. प्रमाण मराठी लेखन पाहून दुरुस्ती करता आली असती. खरी गुंतागुंत याच्या पुढे आहे. उत्तर कोकणातील कित्येक बोलींत ळ चा उच्चार ल, ण चा न आणि स्वरांमधील ड चा र होतो, हे ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या मराठीविषयक खंडात, म्हणजे १९०५ मध्येच, नोंदले गेले आहे. तेव्हा एखाद्या पाड्याच्या नावाच्या शेवटी नकाशावर ‘माल’ असे दिसले, तर त्याची दोन कारणे संभवतात. एक, मूळ उच्चार माळ असून रोमन लिपीत ळ नसल्यामुळे तो ल झाला. दुसरे, तेथील रहिवासी खरोखरच ल उच्चारतात. पहिल्या पक्षी तो लेखनिकाचा दोष, म्हणून त्याज्य. दुसऱ्या पक्षी ती बोलीची साक्ष, म्हणून मोलाची. नकाशावर दोन्ही अगदी सारखीच दिसतात. आणि जेव्हा शहाणा दुरुस्तीकार सरसकट ‘माल’ चे ‘माळ’ करून टाकतो, तेव्हा दोषाबरोबर साक्षही नाहीशी होते. शुद्धलेखनाच्या उत्साहाने स्थलनामांचे जेवढे नुकसान झाले आहे, तेवढे कदाचित अज्ञानानेही झालेले नसेल.

हीच गोष्ट सूर्यमाळ या नावाच्या पूर्वपदास लागू आहे. सूर्य हे शुद्ध तत्सम रूप आदिवासी वस्तीच्या पठारास मुळापासून असेल, असे गृहीत धरता येत नाही. उगवतीचा व मावळतीचा देखावा उत्तम दिसतो म्हणून हे नाव पडले, ही उपपत्ती प्रवाशांस रुचणारी आहे. पण देखावा तर प्रत्येक उंच पठारावरून दिसतो. याच प्रदेशातून सूर्या नावाची नदीही वाहते, आणि दोन नावांचा परस्परांशी संबंध असल्यास नदीचे नाव आधीचे असण्याचा संभव अधिक, कारण जलनामे सामान्यतः अधिक चिवट असतात. अंतिम निर्णय मात्र वारली, कोकणा आणि ठाकूर या तिन्ही समाजांतील वृद्ध माणसे हे नाव कसे उच्चारतात, ते ऐकल्यावाचून करणे धाडसाचे ठरेल.

जव्हारजवळच्या शिरपामाळाची कथा बोधप्रद आहे. सुरतेच्या स्वारीस निघालेल्या शिवाजी महाराजांचा १६६४ मध्ये येथे मुक्काम झाला, जव्हारच्या राजाने त्यांची भेट घेतली, आणि शिरपेच देण्याच्या प्रसंगावरून या माळास हे नाव मिळाले, अशी परंपरा आहे. भेटीचा प्रसंग नाकारण्याचे कारण नाही. परंतु शिरपेचातील पे चा एकार आणि च हे दोन्ही गळून शिरपा हे रूप कसे सिद्ध व्हावे, हे समजत नाही. श्रीपतीचे ग्रामीण रूप शिरपती वा शिरपा असे होते, आणि ज्याच्या गुरांचा वा वस्तीचा तो माळ, त्याच्या नावाने माळ ओळखला जाणे ही अगदी साधी गोष्ट आहे. असे असल्यास महाराजांच्या मुक्कामापूर्वीच माळास हे नाव असणे शक्य आहे, आणि राजांच्या कथेने एका अप्रसिद्ध शिरपाला झाकून टाकले आहे. कातड्याच्या वादीचीच ही दुसरी आवृत्ती नव्हे काय?

वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये महिकावतीची बखर प्रसिद्ध केली, तेव्हा उत्तर कोकणातील ग्रामनामांकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याचा मार्ग त्यांनी मोकळा केला. त्यांच्या व्युत्पत्ती पुष्कळदा संस्कृताकडे बळेच ओढलेल्या असतात, हा आक्षेप खरा आहे. पण नावे जमविली पाहिजेत, हा त्यांचा आग्रह आजही तितकाच खरा आहे. इंग्लंडमध्ये स्थलनामांच्या अभ्यासासाठी १९२३ मध्ये स्वतंत्र संस्था निघाली, आणि तिने परगण्यांमागून परगणे घेऊन गावांचीच नव्हे तर शेतांचीही नावे छापली. आपल्याकडे डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने मराठीच्या बोलींचे जे सर्वेक्षण हाती घेतले, त्यात शब्द व व्याकरणिक रूपे ध्वनिमुद्रणासह नकाशावर मांडण्यात आली आहेत. कोणत्या गावी कोणते रूप चालते हे त्यामुळे डोळ्यांनी पाहता येते. पुरातत्त्वाचा नकाशा आणि बोलींचा नकाशा हे दोन्ही आज एकाच प्रकारच्या अंकीय भूमीवर उभे आहेत. त्यांची भेट घडवून आणणे यंत्राच्या दृष्टीने कठीण नाही. अभ्यासकांच्या दृष्टीने आहे.

प्रतिमांकनाच्या तंत्राने काय साधते, याचे महाराष्ट्रातील उत्तम उदाहरण दक्षिण कोकणातील कातळशिल्पांचे होय. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांच्या जांभ्या सड्यांवर कोरलेल्या या आकृती गुराख्यांस ठाऊक होत्या, पण त्यांतील कित्येक इतक्या मोठ्या आहेत की जवळ उभे राहिले असता त्या समजत नाहीत. कशेळी येथील हत्तीची आकृती सुमारे १८ मीटर लांबीची असून तिच्या पोटात इतर अनेक आकृती कोरलेल्या आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पायी हिंडून ही ठिकाणे उजेडात आणली. ड्रोनमधून घेतलेल्या छायाचित्रांनी त्यांचे समग्र रूप दाखविले. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्यांचा समावेश झाला. त्या यादीतील स्थळांत बारसू, देवीहसोळ, उक्षी, कुडोपी यांबरोबर गोव्यातील एक स्थळही आहे. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. यंत्र वर गेले ते नंतर, आधी कोणी तरी गावात जाऊन “तुमच्या सड्यावर काही चित्रे आहेत काय?” असे विचारले होते.

सूर्यमाळच्या परिसरात तेच तंत्र जसेच्या तसे चालणार नाही. येथे जांभ्याचे उघडे सडे नाहीत, आणि जे कोरीव आहे ते लाकडाचे. वारल्यांचा वाघदेव हा याचा नमुना. उभ्या फळीवर वा खांबावर वाघ, सूर्य, चंद्र, नाग यांच्या आकृती कोरून तो शिवेवर किंवा रानाच्या तोंडाशी उभा करतात. निरनिराळ्या कोनांतून, एकमेकांवर पुष्कळसा भाग येईल अशा रीतीने घेतलेल्या छायाचित्रांवरून संगणक अशा वस्तूची त्रिमितीय प्रतिकृती तयार करतो. शेजारी मोजपट्टी ठेवली असल्यास तिच्यावरून मापेही काढता येतात. हे काम स्वस्त आहे आणि विद्यार्थ्यांस सहज शिकविता येते. परंतु लाकूड पावसाने कुजते, वाळवी लागते, आणि जुन्या देवाच्या जागी नवा उभा राहतो. अशा वस्तूचे वय काढण्यात फारसे स्वारस्य नाही. ती ज्या जागी पुन्हा पुन्हा उभी केली जाते त्या जागेचे वय मात्र मोठे असू शकते. प्रतिकृतीबरोबर जागेचे नाव, ते सांगणाऱ्याची जमात आणि शिवेच्या दोन्ही बाजूंच्या पाड्यांची नावे यांची नोंद न केल्यास हाती येते ती केवळ एक सुबक आकृती.

लायडार या तंत्राविषयी अलीकडे फार मोठ्या अपेक्षा बाळगल्या जातात. विमानातून प्रकाशाचे असंख्य स्पंद जमिनीवर सोडून परत येणाऱ्या स्पंदांवरून उंची काढणे हे त्याचे तत्त्व. पानांच्या फटींतून काही स्पंद जमिनीपर्यंत पोचतात, म्हणून झाडीखालची भूमी दिसू शकते. कंबोडियात अंगकोरच्या परिसरात २०१२ मध्ये या रीतीने जंगलाखालील रस्ते व वस्त्यांची आखणी स्पष्ट झाली. मोखाड्याच्या रानात साग, ऐन, पळस ही झाडे उन्हाळ्याच्या तोंडी निष्पर्ण होतात, तेव्हा हे तंत्र येथे अधिकच फलदायी ठरावे. पण भूमीवर दिसणारी प्रत्येक रेघ जुनी नसते. भाताचे बांध, मृदसंधारणासाठी खणलेले समपातळीवरील चर, वनखात्याच्या लागवडीचे खड्डे ही सर्व अलीकडची कामे आकाशातून प्राचीन मजग्यांसारखीच दिसतील. बांधाला गावात काय म्हणतात आणि तो कोणाच्या आज्याने घातला, हे विचारणे भागच पडते.

हे विचारण्यास काळ फारसा उरलेला नाही. नागार्जुनसागराच्या पाण्याखाली नागार्जुनकोंडा जाणार हे निश्चित झाल्यावर १९५४ पासून १९६० पर्यंत तेथे अखंड उत्खनन झाले, आणि वाचविण्याजोग्या वास्तू उचलून उंच जागी नेऊन पुन्हा मांडण्यात आल्या. ते शक्य झाले, कारण बुडणारे काय आहे हे सर्वांस ठाऊक होते. मध्य वैतरणेच्या खोऱ्यात बुडणाऱ्या गोष्टी स्तूपांच्या व विहारांच्या रूपाने डोळ्यांत भरणाऱ्या नव्हत्या. आता दमणगंगा-पिंजाळ जोड प्रकल्पाचा विचार आहे. केंद्र शासन, गुजरात व महाराष्ट्र यांच्यात २०१० मध्ये करार झाला व त्याचा सविस्तर अहवाल २०१४ मध्ये पूर्ण करण्यात आला. त्याच्या आराखड्यात दमणगंगेवर भुगड व वाघ नदीवर खारगीहिल येथे धरणे असून तेथील पाणी पिंजाळच्या जलाशयात आणावयाचे आहे. उषवदाताच्या लेखात नाव असलेल्या नदीच्याच वरच्या खोऱ्याचा हा प्रश्न आहे. प्रकल्प व्हावा किंवा न व्हावा हा पुरातत्त्वाच्या कक्षेतील विषय नव्हे. परंतु खोऱ्यातील ओढे, घळी, माळ आणि पाडे यांची नावे उच्चारासह नोंदली जाणे हे काम प्रकल्पाच्या निर्णयाची वाट पाहू शकत नाही. खडक पाण्याखाली राहून टिकतो. वस्ती उठली की नाव एका पिढीत जाते.

या कामासाठी एक अनपेक्षित साधन शासनाच्याच दप्तरात आहे. २००६ च्या वनहक्क अधिनियमाखाली ग्रामसभांना आपल्या दाव्यांच्या हद्दी दाखवाव्या लागतात, आणि त्यासाठी वृद्धांचे लेखी उतरविलेले जबाब नियमांनीच पुरावा म्हणून मान्य केलेले आहेत. महाराष्ट्रात अशा दाव्यांच्या मोजणीत जी. पी. एस. यंत्राचाही वापर झालेला आहे. हद्द सांगताना माणूस अक्षांश सांगत नाही. तो अमुक झाडापासून तमुक ओहोळापर्यंत, अमक्याच्या देवापासून तमक्या खिंडीपर्यंत अशी नावे सांगत जातो. म्हणजे स्थान आणि नाव ही दोन्ही एकाच वेळी, जाणत्या माणसाच्या तोंडून, यापूर्वीच नोंदली जात आलेली आहेत. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनी या कागदांकडे पाहिल्याचे सहसा आढळत नाही. अर्थात ते कागद लोकांच्या हक्कांचे आहेत, संशोधकांच्या सोयीसाठी जमविलेले नाहीत. त्यांचा उपयोग ग्रामसभेच्या संमतीनेच झाला पाहिजे. देवस्थानांचे अचूक अक्षांश-रेखांश छापून मोकळे होण्याची सवय तर येथे सर्वथा टाळली पाहिजे. गुप्तधन शोधणाऱ्यांना नकाशे वाचता येतात.

अंकीय नकाशाच्या कोष्टकात स्थानासाठी तीन रकाने असतात: अक्षांश, रेखांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची. नावासाठी बहुधा एकच असतो. सूर्यमाळच्या पठारावर काम करावयाचे तर तेथे निदान चार लागतील. एक बोलला गेलेला उच्चार, ध्वनिमुद्रणासह. दुसरा बोलणाऱ्याची जमात व बोली. तिसरा सरकारी दप्तरातील लेखन. आणि चौथा जुन्या कागदांत वा लेखांत सापडणारे रूप. या चार रकान्यांतील नोंदी एकमेकींशी जुळणार नाहीत. त्या जुळवून एक करण्याचा मोह अभ्यासकाने आवरला पाहिजे. एका पाड्याला वारली एक नाव देतात आणि कोकणा दुसरे, असे आढळल्यास दोन्ही नावे त्याच बिंदूवर तशीच राहू द्यावीत.